जुन्या मोटारींचे पुनरुज्जीवन

जुन्या मोटारींचे पुनरुज्जीवन (अन्य नावे: मोटारींचा जीर्णोद्धार, रिस्टोरेशन) म्हणजे वापरातून बाद झालेली किंवा जीर्ण झालेली जुनी मोटार तपासून, सुटी करून, दुरुस्त करून तिच्या मूळ रचनेच्या जवळ जाईल अशा चालत्या स्थितीत आणण्याची प्रक्रिया होय. हे काम व्यावसायिक कार्यशाळांत होते, तसेच मोटारीचे मालक मिस्त्रीच्या मदतीने किंवा स्वतः शिकूनही करतात. महाराष्ट्रात अशा कामाचा मोठा भाग मुंबईतील कुर्ला येथे तयार झालेल्या फियाट ११०० व प्रीमियर पद्मिनी या मोटारी, महिंद्रच्या जीप आणि हिंदुस्थान अ‍ॅम्बॅसेडर यांच्याभोवती फिरतो. या गाड्यांची रचना प्रामुख्याने यांत्रिक असल्यामुळे हिंगोलीसारख्या महानगरांपासून दूर असलेल्या जिल्ह्यातही त्यांची बरीचशी दुरुस्ती साध्या साधनांनी शक्य असते.

भारतीय कायद्यानुसार ५० वर्षांहून जुन्या वाहनाला 'व्हिंटेज' म्हणून स्वतंत्र नोंदणी मिळू शकते, तर खासगी मोटारीच्या पहिल्या नोंदणीची मुदत १५ वर्षांची असते. या दोन टप्प्यांमधील सुमारे ३५ वर्षांच्या काळात मोटारीला कोणताही वारसा दर्जा नसतो. या काळात तिचे टिकणे मुख्यतः मालकाच्या आणि मिस्त्रीच्या कौशल्यावर अवलंबून राहते.

## व्याख्या व वर्गीकरण

जुन्या मोटारींचे वर्गीकरण त्यांच्या निर्मितीच्या काळावरून केले जाते. पहिल्या महायुद्धाच्या अखेरपर्यंतच्या मोटारींना सामान्यतः 'व्हेटरन', त्यानंतर १९३० पर्यंतच्या मोटारींना 'व्हिंटेज' आणि दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जुन्या मोटारींना 'क्लासिक' म्हटले जाते. या सीमा देशोदेशी व संस्थागणिक बदलतात. १९६६ मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय संघटना 'फिवा' किमान ३० वर्षे जुने, ऐतिहासिकदृष्ट्या योग्य स्थितीत जतन केलेले आणि रोजच्या वाहतुकीसाठी न वापरले जाणारे वाहन 'ऐतिहासिक' मानते. भारतीय नियमांत मात्र 'व्हिंटेज' ही संज्ञा पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ झालेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी वापरली आहे.

कामाच्या स्वरूपावरून तीन प्रकार मानले जातात.

* जतन: मूळ रंग, आसने व भाग शक्य तितके तसेच ठेवून केवळ ऱ्हास थांबवणे.
* पुनरुज्जीवन: झिजलेले भाग दुरुस्त करून किंवा बदलून गाडी मूळ तपशिलाप्रमाणे पूर्ववत करणे.
* सुधारित पुनर्बांधणी: बाह्य रूप जुने ठेवून इंजिन, ब्रेक किंवा विद्युत यंत्रणा आधुनिक बसवणे.

## पार्श्वभूमी

मुंबईत मोटारी १८९८ च्या सुमारास आल्या. सुरुवातीच्या मोटारमालकांत जमशेदजी टाटा यांचा समावेश होतो. स्वातंत्र्यापूर्वी मोटारी आयात होत किंवा सुट्या भागांतून येथे जोडल्या जात. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. १९४७ पासून कुर्ला येथील कारखान्यात क्रायस्लर कंपनीच्या परवान्याखाली वाहने जोडली जाऊ लागली. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी सहकार्य होऊन १९५० च्या दशकात फियाट ११०० आणि १९६४ पासून ११००डी ही मोटार तेथे तयार झाली. हीच मोटार १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने विकली गेली. तिचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींपैकी शेवटची नोंदणीकृत पद्मिनी २० वर्षांची वयोमर्यादा पूर्ण झाल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर सेवेतून बाहेर पडली.

अनेक दशके फारसे न बदललेले आराखडे हे या काळातील भारतीय मोटारींचे वैशिष्ट्य होते. परवाना व्यवस्थेमुळे ग्राहकाला निवड कमी होती. मात्र एकाच आराखड्याच्या गाड्या मोठ्या संख्येने व दीर्घकाळ बनल्यामुळे त्यांचे भाग एकमेकांना चालत राहिले आणि त्यांची दुरुस्ती येणारे मिस्त्री गावोगावी तयार झाले. आज पुनरुज्जीवनासाठी सुटे भाग व जाणकार मिळतात, ते याच कारणामुळे.

## महाराष्ट्रात आढळणारी प्रमुख वाहने

| वाहन | निर्मिती | काळ | रचना |
|---|---|---|---|
| फियाट ११०० / प्रीमियर पद्मिनी | प्रीमियर, कुर्ला (मुंबई) | १९५४–२००० | एकसंध कवच. १,०८९ घन सेंमी पेट्रोल इंजिन. मेट्रिक मापाचे नटबोल्ट |
| हिंदुस्थान अ‍ॅम्बॅसेडर | हिंदुस्थान मोटर्स, उत्तरपाडा (प. बंगाल) | १९५७–२०१४ | एकसंध कवच; दीर्घकाळ १,४८९ घन सेंमी पेट्रोल इंजिन; जुन्या गाड्यांत इंची माप |
| स्टँडर्ड हेराल्ड | स्टँडर्ड मोटर, मद्रास | १९६१–१९७१ | स्वतंत्र चासी. इंची माप |
| महिंद्र सीजे-३बी जीप | महिंद्र अँड महिंद्र, मुंबई | १९५० च्या दशकापासून | शिडीसारखी चासी, २.२ लिटर पेट्रोल इंजिन. इंची माप |

मापांतील हा फरक व्यवहारात महत्त्वाचा ठरतो. इंची नटाला जवळच्या मापाचा मेट्रिक पाना लावल्यास नटाचे कोपरे घासतात व तो पुढे सुटत नाही. त्यामुळे गाडीनुसार पान्यांचा संच निवडणे ही कामाची पहिली पायरी मानली जाते.

## प्रक्रिया

### पाहणी व नोंदी

काम सुरू करण्यापूर्वी नोंदणी प्रमाणपत्रावरील चासी क्रमांक व इंजिन क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी ताडून पाहिले जातात. क्रमांक जुळत नसल्यास किंवा मूळ कागदपत्रे नसल्यास दुरुस्त झालेली गाडीही रस्त्यावर आणता येत नाही. त्यानंतर कवचाचा गंज, इंजिनाची स्थिती आणि नसलेल्या भागांची यादी केली जाते. काच, रबरी पट्ट्या, क्रोमचे भाग आणि नावाची चिन्हे मिळवणे इंजिनाच्या भागांपेक्षाही अवघड असू शकते. गाडी सुटी करताना प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे घेणे आणि नटबोल्ट भागवार पिशव्यांत चिठ्ठी लावून ठेवणे ही पद्धत रूढ आहे. सुटी केलेली गाडी जोडेपर्यंत काही वर्षे जाऊ शकतात. अशा वेळी केवळ स्मरणशक्तीवर विसंबल्यामुळे अनेक कामे अर्धवट राहतात.

### कवच व पत्राकाम

पद्मिनी व अ‍ॅम्बॅसेडर या गाड्यांना वेगळी चासी नसते. तळ, दारांखालचे पोकळ पट्टे आणि खांब मिळूनच गाडीचा भार पेलतात. त्यामुळे दाराखालचा गंज हा केवळ सौंदर्याचा प्रश्न नसून गाडीच्या मजबुतीचा प्रश्न असतो. कुजलेला पत्रा कापून त्या जागी नवा पत्रा वेल्डिंगने जोडणे आवश्यक असते. कापण्यापूर्वी कवचाला आतून आधार न दिल्यास ते वाकते आणि नंतर दारे बसत नाहीत. गंजावर जाड लांबी (पुट्टी) भरून रंग देण्याची पद्धत स्वस्त असली तरी लांबीखाली गंज वाढत राहतो. जीपमध्ये स्वतंत्र चासी असल्याने कवच उचलून वेगळे करता येते. म्हणून नवशिक्यांसाठी ती तुलनेने सोपी मानली जाते.

किनारपट्टीवर खाऱ्या हवेमुळे संपूर्ण कवच गंजते. मराठवाड्यासारख्या कोरड्या प्रदेशातील गाड्यांत गंज प्रामुख्याने पाणी साचणाऱ्या जागी, म्हणजे तळ, डिकी आणि काचेच्या रबराखाली आढळतो. त्याच वेळी कडक उन्हामुळे रबर, आसनांचे कापड आणि रंग लवकर खराब होतात.

### इंजिन

वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीचे इंजिन थेट स्टार्टरने फिरवणे धोक्याचे असते. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजाने चिकटलेल्या असल्यास त्या तुटतात. त्यामुळे आधी स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडले जाते व ते काही दिवस मुरू दिले जाते. नंतर इंजिन हाताने सावकाश फिरवून पाहतात. ते मोकळे झाल्यावर प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजला जातो. सर्व सिलिंडरांचा दाब समान व पुरेसा असल्यास इंजिन पूर्ण उघडण्याची गरज नसते. एखाद्या सिलिंडरचा दाब कमी आल्यास त्यात थोडे तेल सोडून पुन्हा मोजतात. दाब वाढल्यास दोष रिंगांत व सिलिंडरच्या झिजेत असतो. न वाढल्यास व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट तपासावे लागते.

पद्मिनीच्या इंजिनात सिलिंडरचा व्यास ६८ मिमी व पिस्टनची धाव ७५ मिमी आहे. झीज मर्यादेबाहेर गेल्यास सिलिंडर थोडा मोठा कापून (बोअरिंग) त्या मापाचे 'ओव्हरसाइज' पिस्टन बसवतात. बोअरिंग, क्रँकशाफ्टचे ग्राइंडिंग आणि हेडची पातळी काढणे ही कामे यंत्रशाळेतच करावी लागतात. मोजमाप, सुटे करणे, स्वच्छता आणि जोडणी मालक स्वतः शिकू शकतो.

### इंधन

जुन्या पेट्रोल इंजिनांची रचना आजच्या इंधनासाठी झालेली नाही. पूर्वी पेट्रोलमध्ये मिसळलेले शिसे व्हॉल्व्हच्या बैठकीचे झिजेपासून संरक्षण करत असे. भारतात २००० पासून शिसेविरहित पेट्रोल सर्वत्र लागू झाले. त्यामुळे हेडच्या ओतीव लोखंडातच बैठका कापलेल्या इंजिनांत, काम उघडलेच तर कठीण धातूच्या बैठका बसवल्या जातात. अलीकडे २० टक्के इथेनॉल मिश्रित पेट्रोलमुळे आणखी एक प्रश्न निर्माण झाला आहे. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या, डायफ्रॅम आणि सील यांना मऊ करते, तसेच हवेतील ओलावा शोषून घेते. इथेनॉलला चालणाऱ्या नळ्या व सील बसवणे आणि गाडी बराच काळ उभी राहणार असल्यास टाकी व कार्ब्युरेटर रिकामे ठेवणे, हे त्यावरील नेहमीचे उपाय आहेत.

### ब्रेक व विद्युत यंत्रणा

इंजिन सुरू करण्याचा मोह मोठा असला तरी गाडी चालवण्यापूर्वी ब्रेक पूर्ण दुरुस्त करणे अनिवार्य आहे. ब्रेक ऑइल ओलावा शोषते, त्यामुळे उभ्या गाडीतील मास्टर सिलिंडर व चाकांचे सिलिंडर आतून गंजतात. चारही चाकांचे रबरी कप, लवचिक नळ्या आणि ऑइल एकाच वेळी बदलले जाते. रबरी कप पेट्रोलने किंवा खनिज तेलाने धुतल्यास ते फुगतात व ब्रेक जाम होतात. ते ब्रेक ऑइलनेच स्वच्छ करावे लागतात.

विद्युत यंत्रणा साधी असते: बॅटरी, डायनामो किंवा अल्टरनेटर, कॉइल, डिस्ट्रिब्युटर आणि दिवे. न सुरू होणाऱ्या गाड्यांतील बरेच दोष डिस्ट्रिब्युटरमधील जळलेले पॉइंट, खराब कंडेन्सर किंवा गंजलेली अर्थिंग यांत सापडतात. पॉइंटमधील अंतर फीलर गेजने तपासून लावले जाते. कापडी किंवा तडकलेल्या आवरणाच्या जुन्या तारा आगीला कारण ठरू शकतात, त्यामुळे त्या पूर्ण बदलणे श्रेयस्कर मानले जाते.

## सुरक्षितता

केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली काम करणे प्राणघातक ठरू शकते; गाडी नेहमी भक्कम घोड्यांवर (जॅकस्टँड) टेकवावी लागते. जुन्या ब्रेक लायनर व क्लच प्लेटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ फुप्फुसांना घातक असल्याने ती हवेच्या दाबाने उडवण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसली जाते. जुन्या रंगांत शिसे असण्याची शक्यता असल्यामुळे कोरडे घासकाम करताना योग्य मुखपट्टी आवश्यक असते. रिकाम्या पेट्रोल टाकीत वाफ शिल्लक राहते. तिला थेट वेल्डिंग केल्यास स्फोट होतो.

## शिक्षणाचे मार्ग

जुन्या मोटारींचे ज्ञान दीर्घकाळ गॅरेजमधील उस्ताद-शिष्य परंपरेतून पुढे गेले. आवाजावरून दोष ओळखणे, कार्ब्युरेटर जुळवणे किंवा पत्रा ठोकून सरळ करणे यांसारखी कौशल्ये पाहून व करूनच शिकली जातात आणि ती पुस्तकांत क्वचितच नोंदलेली असतात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधील (आयटीआय) 'मेकॅनिक मोटार व्हेईकल' हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम औपचारिक पाया देतो. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ अन्वये राज्य परिवहन महामंडळाच्या कार्यशाळांतही उमेदवारी करता येते. महामंडळाच्या मध्यवर्ती कार्यशाळा दापोडी (पुणे), चिकलठाणा (छत्रपती संभाजीनगर) आणि हिंगणा (नागपूर) येथे आहेत. मात्र नव्या वाहनांत इंधन इंजेक्शन व इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आल्याने प्रशिक्षणाचा भर तिकडे वळला आहे. कार्ब्युरेटर व पॉइंट जुळवणारे मिस्त्री वयोवृद्ध होत असून त्यांची जागा घेणारे तरुण कमी आहेत.

स्वतः शिकणाऱ्यासाठी निर्मात्याची कार्यशाळा पुस्तिका व सुट्या भागांची सूची हे मूलभूत ग्रंथ ठरतात. पुस्तिकेत बोल्ट आवळण्याचा जोर, झिजेची मर्यादा आणि जोडणीचा क्रम दिलेला असतो. सुरुवात ऑइल बदलणे, प्लग व पॉइंट तपासणे, ब्रेक उघडणे अशा लहान कामांनी करून नंतर इंजिनाकडे वळणे हा रूढ क्रम आहे.

सुट्या भागांसाठी मुंबईतील चोर बाजार व कुर्ला परिसर, तसेच पुण्यातील जुना बाजार प्रसिद्ध आहेत. न मिळणारे बुश, पिन व ब्रॅकेट लेथवर बनवून घेतले जातात.

## हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात

हिंगोली हा भाग १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाने १९३२ मध्ये रेल्वे खात्यांतर्गत सरकारी बससेवा सुरू केली होती. निजामासाठी बनवलेली रोल्स-रॉइस 'सिंहासन मोटार' आज हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात जतन केलेली आहे. ग्रामीण भागात मात्र सर्वसामान्यांचा मोटारीशी संबंध प्रामुख्याने बस आणि नंतर प्रवासी वाहतुकीच्या काळ्या-पिवळ्या जीप यांच्यामार्फत आला.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला व त्याला 'एमएच-३८' हा नोंदणी संकेतांक मिळाला. पद्मिनीचे उत्पादन त्यानंतर लवकरच थांबले. त्यामुळे या भागात मूळ नोंदणी झालेल्या जुन्या मोटारींवर बहुधा परभणीचा 'एमएच-२२' किंवा १९८९ पूर्वीचा तीन अक्षरी क्रमांक आढळतो. जिल्ह्याबाहेरून घेतलेल्या गाडीसाठी मूळ परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र (नमुना २८) आणि हस्तांतरणाचे नमुने २९ व ३० लागतात.

अशा कृषिप्रधान जिल्ह्यात ट्रॅक्टर, पंपसंच व मळणीयंत्रांच्या दुरुस्तीमुळे वेल्डिंग, लेथ व मोटार रिवाइंडिंगची कामे करणारे कारागीर उपलब्ध असतात. हीच कौशल्ये जुन्या मोटारींनाही उपयोगी पडतात. क्रोम मुलामा, मूळ काचा आणि अचूक इंजिन मशीनिंगसाठी मात्र मोठ्या शहरांकडे जावे लागते.

## कायदेशीर चौकट

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षे वैध असते. त्यानंतर नमुना २५ द्वारे अर्ज करून व गाडी तपासणीसाठी हजर करून ती दर वेळी पाच वर्षांसाठी नूतनीकृत करावी लागते. महाराष्ट्रात अशा वाहनांवर पर्यावरण करही आकारला जातो. दिल्ली परिसरात न्यायालयीन आदेशांनुसार १० वर्षांवरील डिझेल व १५ वर्षांवरील पेट्रोल वाहनांवर निर्बंध आले. महाराष्ट्रात खासगी मोटारींसाठी अशी सरसकट वयोमर्यादा नाही.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद केली. तिची प्रमुख वैशिष्ट्ये अशी:

* वाहन ५० वर्षांहून जुने, वैयक्तिक व बिगरव्यावसायिक वापराचे असावे.
* चासी, कवच किंवा इंजिन यांत मोठे फेरबदल झालेले नसावेत.
* नोंदणी क्रमांकात राज्याच्या संकेतांकानंतर 'व्हीए' ही अक्षरे असतात.
* नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये. मुदत १० वर्षे.
* वाहन प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, इंधन भरणे व देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणता येते. नियमित वापरास मनाई असते.

१९७४ मधील पहिल्या पद्मिनी २०२४ पासून या तरतुदीच्या कक्षेत येऊ लागल्या. १९८० व १९९० च्या दशकांतील गाड्यांना त्यासाठी आणखी काही वर्षे ते दोन दशकांहून अधिक काळ थांबावे लागेल. तोपर्यंत त्यांना सामान्य नूतनीकरणाची तपासणी उत्तीर्ण होत राहावे लागते. नूतनीकरण चुकल्यास गाडी रस्त्यावर चालवता येत नाही आणि ती भंगारात जाण्याची शक्यता वाढते.

## मूळपणाचा वाद

मोटार कितपत मूळ ठेवावी याबाबत जाणकारांत मतभेद आहेत. फिवाच्या २०१३ मधील ट्युरिन सनदेनुसार वाहन हा सांस्कृतिक वारसा असून त्यावरील वापराच्या खुणाही त्याच्या इतिहासाचा भाग आहेत. त्यामुळे शक्य तितका कमी हस्तक्षेप करावा. दुसऱ्या बाजूने, ज्यांची गाडी वापरात असते त्यांना चांगले ब्रेक, सीटबेल्ट व भरवशाचे इग्निशन सुरक्षिततेसाठी आवश्यक वाटतात.

भारतात हा वाद अधिक गुंतागुंतीचा आहे. पेट्रोल महाग झाल्यावर अनेक जीप, अ‍ॅम्बॅसेडर व पद्मिनींमध्ये मालकांनी डिझेल इंजिने बसवली. अशा बदलाला अधिनियमाच्या कलम ५२ नुसार परवानगी व नोंदणी प्रमाणपत्रावर नोंद आवश्यक असते. या बदलांमुळे अनेक गाड्या भंगारापासून वाचल्या, पण त्याच बदलांमुळे पुढे व्हिंटेज नोंदणी मिळण्यात अडचण येऊ शकते. म्हणून काढलेले मूळ इंजिन व भाग मोडीत न काढता गाडीबरोबर जपून ठेवण्याची आणि केलेल्या प्रत्येक बदलाची लेखी नोंद ठेवण्याची शिफारस केली जाते.

## हे सुद्धा पहा

* प्रीमियर पद्मिनी
* वालचंद हिराचंद
* हिंदुस्थान अ‍ॅम्बॅसेडर
* महिंद्र अँड महिंद्र
* औद्योगिक प्रशिक्षण संस्था
* हिंगोली जिल्हा